नेष्ट्यावरचे दगड

उंटवाटेपाशी, पाण्याच्या अगदी काठाला, गवरीनं सकाळी बाभळीची एक काडी रोवली होती. शेळ्यांचं दूध काढून परत येऊन बघते तर काडी पाण्यात उभी. तिनं दुसरी काडी रोवली आणि तिथंच उकिडवी बसून राहिली. माथ्यावर आभाळ कोरडं ठाक, वारा नावालाही नाही, आणि पाणी आपलं चढतंच आहे. रात्री वरच्या खडकाळ माळावर पाऊस झोडपून गेला होता आणि त्याचं राहिलंसाहिलं पाणी अजून ओहळाओहळानं खाली उतरत होतं.

एरवी एवढं पाणी बघून बाई हरखून गेली असती. खडीन म्हणजे तेजाणीच्या आठ घरांचं पोट. माळावरून येणारं पाणी मातीच्या लांबलचक पाळीनं शेतातच अडवायचं, तिथंच जिरू द्यायचं, आणि कार्तिकात त्या ओलीवर गहू नि हरभरा पेरायचा. मग वरून थेंब पडो न पडो. दोन वर्षं खडिनात चिमणीला प्यायलाही पाणी नव्हतं. आणि आता पाणी आलं तर ही काड्या रोवत बसली होती. कारण त्या पाळीवर दोन जागा अशा होत्या की त्यांच्याकडे नजर गेली की तिचा जीव थाऱ्यावर राहत नव्हता. एक ही उंटवाट, आणि दुसरा पार त्या टोकाचा नेष्टा.

उंट आणि मेंढरं जिथून पाळ ओलांडतात ती उंटवाट. दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर गावात ल्हास बोलवायचे. सगळ्यांनी मिळून गाणी म्हणत माती ओढायची आणि ज्यानं बोलावलं त्यानं सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं. त्यात उंटवाट भरून निघायची. पण दोन वर्षं कुणाच्याच कणगीत दाणा नव्हता, तर ल्हास कोण बोलवणार? आलेल्यांच्या ताटात काय वाळू वाढायची? उंट मात्र थांबले नाहीत. खुरांनी वाट खचत खचत गेली, आणि गाढवाच्या पाठीसारखा खोलगट बाक पाळीला पडला.

आणि नेष्टा. नेष्टा म्हणजे दगडी सांडवा. खडीन भरलं की जास्तीचं पाणी त्याच्या उंबऱ्यावरून खाली बाकलसरच्या खडिनात जातं. उंबऱ्याच्या आतलं तेजाणीचं, उंबऱ्यावरून गेलं ते बाकलसरचं. कुठं लिहिलेलं नाही; दोन्ही गावांच्या म्हाताऱ्यांनी कोणे एके काळी मिठावर हात ठेवून ठरवलं, झालं. या मुलखात माणसं शेळीवरून भांडतील, बोरीच्या झाडावरून डोकी फोडतील, पण नेष्ट्याला कुणी हात लावत नाही. त्याच नेष्ट्यावर खंगारनं, म्हणजे गवरीच्या नवऱ्यानं, वीतभर उंचीची दगडांची ओळ चढवली होती.

खंगार काही चोर नव्हता. दोन वर्षं सडकेच्या कामावर खडी फोडून त्यानं घर चालवलं होतं. पण खडिनात त्याचा वाटा सगळ्यात वरच्या कडेला. खालच्यांच्या वाट्यात कमरेएवढं पाणी उभं राहिलं तरी याच्या वाट्याला ते शेवटी शिवणार. या वर्षीचा पहिला लोंढा आला तेव्हा पाणी त्याच्या बांधापर्यंत आलं, बांधाला टेकलं, आणि तिथंच थबकलं. बाकीचं सगळं नेष्ट्यावरून बाकलसरकडे चाललं. खंगार संध्याकाळभर नेष्ट्यावर उभा राहून ते जाणारं पाणी बघत होता. घरी आला तो जेवलाच नाही. म्हणाला, वीतभर हवं होतं गं, फक्त वीतभर.

गवरीनं त्याला फाडफाड बोलून घेतलं. खाली आपली पोर नांदते, डोकं ठिकाणावर आहे का, म्हणाली. सुगनी, त्यांची एकुलती एक, बाकलसरला दिलेली. खंगार म्हणाला, तिच्या सासरी काय कमी आहे, त्यांना गोड्या पाण्याची विहीर आहे, आणि पेरणीच्या आधी दगड काढून टाकीन, कुणाला कळतंय? गाव तर रामदेवऱ्याच्या जत्रेला निघालंय. गवरी बोलत राहिली, तो ऐकत राहिला. आणि गाव पायी जत्रेला गेलं, त्याच्या दुसऱ्याच दिवशी हीच बाई डोक्यावर पाटी घेऊन दगड वाहत होती. आता याला काय म्हणावं? दोन वर्षं विकतची बाजरी खाल्ली की माणसाचं तोंड एक बोलतं आणि हात भलतंच करतात. एवढंच नाही, दगडांच्या फटींतून पाणी झिरपायला लागलं तेव्हा घरातली जुनी लोकरीची ओढणी आणून, फाडून, तिनंच ती फटींत ठासली. वरून चिकणमाती लिंपली. खंगार खूश झाला. तिला त्या रात्री झोप आली नाही.

तेव्हापासून हिचं एकच चाललं होतं. हे बाहेर फुटलं तर? सुगनी विहिरीवर गेली की बायका पोहरा सोडता सोडता म्हणतील, पाणीचोरांची पोर आली बघा. आयुष्यभर म्हणतील. तिच्या पोरांनाही म्हणतील. गवरीला मरणाची भीती वाटत नव्हती तेवढी या एका शब्दाची वाटत होती.

दुसरी काडीही पाण्यात गेली तेव्हा खंगार आला. खांद्यावर शेळीच्या केसांची दोन रिकामी पोती. माळाच्या अंगाला ढगांची काळी भिंत उभी राहिली होती आणि तिच्यात मधूनच लकाकत होतं. खंगारचा चेहरा लग्नाच्या नवरदेवासारखा फुलला होता. आणखी चार बोटं चढलं की आपला वाटा भिजला, म्हणाला.

"चार बोटं चढलं की उंटवाट वाहायला लागेल," गवरी म्हणाली. "हे बघा, पाणी कुठं आलंय ते बघा. दगड काढा."

तो म्हणाला, पाळ आज्ज्यानं बांधलीय, मी त्या पाळीवर लहानाचा मोठा झालो, मला नको शिकवूस. खरी गोम तीच होती. त्याच्या डोळ्यांत अजून लहानपणची पाळ होती, दरवर्षी ल्हास होऊन पुरुषभर उंच झालेली. नेष्टा वीतभर चढवताना त्यानं त्या पाळीचा हिशेब धरला. ही समोरची, दोन वर्षं उंटांनी तुडवलेली पाळ त्यानं बघूनही बघितली नव्हती. मातीची पाळ पाण्यानं कितीही दाबलं तरी पेलते, पण एकदा का पाणी तिच्या माथ्यावरून पलीकडे उतरलं की करंगळीएवढी धारसुद्धा तिला कुरतडत जाते, आणि बघता बघता बैलगाडी जाईल एवढं खिंडार पडतं. हे त्याला माहीत नव्हतं असं नाही. पण चार बोटांनी त्याला आंधळं केलं होतं.

ती म्हणाली, पाळ फुटली तर आपलंही जाईल आणि खाली सुगनीचंही जाईल, लोंढा बाकलसरची पाळ घेऊनच पुढं जाईल. तो पोत्यांत वाळू भरायला बसला. वाळूची पोती उंटवाटेत रचतो, वर काटेरी फांद्या टाकतो, आपला देव रामसापीर पाठीशी आहे, म्हणाला. गवरीनं कपाळाला हात लावला.

तेवढ्यात तिला पाळीखालच्या वाटेनं एक पांढरा साफा येताना दिसला.

चालण्यावरून तिनं ओळखलं. अचलाजी, सुगनीचा सासरा. एका पायात थोडा लंगडणारा, सडपातळ, आणि जिभेला हाड नसलेला माणूस. सुगनीच्या लग्नात याच माणसानं भर मांडवात गवरीच्या लोकरीच्या ओढणीची टर उडवली होती. त्या लालकाळ्या ओढणीला एका टोकाशी पांढऱ्या लोकरीनं केलेलं वाटोळं रफू होतं. आमच्या ब्याणजींच्या ओढणीत चंद्र उगवलाय हो, असं तो विहिणीला उद्देशून, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाला होता. मग बायकांनी त्याच्यावर गाण्यातून अशा काही गाळी झोडल्या की तो साफ्यात तोंड लपवून पळाला. तेव्हापासून व्याही-विहिणीचं हसणंखिदळणं चालूच होतं. आज मात्र त्याला बघताच गवरीची नजर आधी नेष्ट्याकडे गेली.

खंगारनंही बघितलं. त्याचा चेहरा पार उतरला. "घरी ने त्याला," तो म्हणाला. "खायला घाल. नेष्ट्याकडे जाऊ देऊ नकोस. तोवर मी इथलं बघतो."

काय करणार? डोईवरची ओढणी कपाळावर ओढून ती सामोरी गेली. खेजडीच्या झाडाच्या सावलीत खाट टाकली, माठातलं पाणी दिलं. अचलाजीनं उभ्या उभ्या दोन लोटे रिचवले आणि तोंड पुसत म्हणाला, ब्याणजी, तेजाणीचं पाणी आमच्यापेक्षा गोड, तुमची जीभ मात्र कशी काय तिखट राहिली कोण जाणे. ती हसली. हसताना आपले दात वाजतात की काय असं तिला वाटलं.

तिनं चूल पेटवली. बाजरीचे जाड भाकरीसारखे सोगरे, काचरीची चटणी, ताक. तो खात होता आणि बोलत होता. रात्रभर माळावर वीज नाचली, म्हणाला, आम्ही सगळे आमच्या पाळीवर जाऊन बसलो, आता येईल मग येईल, पण आमच्याकडे थेंब आला नाही. पहिल्या लोंढ्याचं पाणी होतं तेही जिरत आलं, घोट्याएवढं राहिलंय. म्हटलं, एकदा नेष्ट्यावर जाऊन बघावं, पाणी आणखी किती खाली आहे. यायचं नसेल तर नसेल, तसं बियाणं कमी काढू. माणसाचं मन एकदा ठरलं की बरं असतं.

गवरी म्हणाली, पाणी यंदा उशिरा चढतंय. एवढं बोलून तिनं त्याच्या ताटात तिसरा सोगरा वाढला.

"पुरे हो, पोट फुटेल," अचलाजी म्हणाला. "तुमची लेक बरी आहे. रोज सकाळ-संध्याकाळ पाळीवर जाऊन उभी राहते. आम्ही म्हटलं, तुला काय एवढी घाई? तर म्हणते, माझ्या माहेरचं पाणी यायचंय."

गवरीच्या हातातला चिमटा निसटून चुलीत पडला. ती तो काढायला खाली वाकली आणि बराच वेळ तशीच वाकून राहिली. धुरानं डोळ्यांत पाणी आलं असं दाखवायला चूल बरी असते.

मग तो आवाज आला. आधी कुठंतरी दूर जातं फिरल्यासारखा, मग जवळ. माळावरच्या मोठ्या ओहळाला लोंढा आला होता. शेळ्या कान टवकारून उभ्या राहिल्या. अचलाजी खाटेवरच सावरून बसला, त्याचा चेहरा उजळला. आलं, म्हणाला, ब्याणजी, आता नेष्टा वाहील बघा. तो ताट बाजूला सारायला लागला तशी गवरी म्हणाली, बसा, चहा टाकलाय, चहाशिवाय उठायचं नाही, माझी शपथ आहे. आणि चहाचं आधण चुलीवर चढवून, गूळ आणते म्हणून, ती घरामागून वळसा घालून उंटवाटेकडे धावत सुटली.

खंगार उंटवाटेत गुडघे टेकून बसला होता. दोन पोत्यांचा बांध त्यानं रचला होता आणि आता दोन्ही हातांनी चिखल ओढून फटी बुजवत होता. पाणी पोत्यांच्या अर्ध्यावर आलं होतं. त्यानं मान वर करून तिच्याकडे बघितलं नाही. नुसतं म्हणाला, धरेल. धरेल गं. तिनं पाळीवर चढून पलीकडच्या उतारावर बघितलं. पोत्यांच्या बुडातून गढूळ पाण्याची एक दोरी निघाली होती आणि उतारावरून वेटोळं घेत खाली चालली होती. दोरीच्या दोन्ही बाजूंची माती साखरेसारखी विरघळत होती. ती बघत असतानाच मातीची एक भली मोठी ढेप सुटली आणि खाली गडगडली.

गवरीनं एकदा नेष्ट्याकडे बघितलं आणि एकदा घराकडे. त्या लिंपून घट्ट बसवलेल्या दगडांना तिचे एकटीचे हात पुरणार नव्हते. खंगारनं पोत्यांवरचे हात काढले असते तर पाळ तिथल्या तिथं गेली असती. गाव जत्रेला. हाकेच्या अंतरावर तिसरा माणूस एकच होता, आणि तो तिच्या खाटेवर बसून चहाची वाट बघत होता. सुगनीचं तोंड तिच्या डोळ्यांपुढं आलं. माहेरचं पाणी. ते असं जाऊन पोचलं तर? पाळ घेऊन, झाडं घेऊन, शेत घेऊन? त्यापेक्षा चोराची पोर म्हणून घेतलेलं बरं. बरं कसलं, पण निदान जगेल तरी. ती मागं वळली तेव्हा रडत होती आणि तिला त्याची शुद्ध नव्हती.

चहा उतू जाऊन चूल विझली होती. अचलाजी फडक्यानं भांडं उतरवत होता.

"ब्याईजी, ते राहू द्या," ती म्हणाली. "नेष्ट्यावर दगड चढवलेत. उंटवाटेपाशी पाळ सुटतेय. दगड काढायला हात पाहिजेत."

अचलाजीनं भांडं खाली ठेवलं.

"कुणी चढवले?"

"सुगनीच्या बापूंनी." आणि मग, का कोण जाणे, तिच्या तोंडून निघून गेलं, "मला ठाऊक नव्हतं. मला आत्ता कळलं."

हे ती स्वतःसाठी बोलली नाही. निदान तिला तसं वाटलं. सुगनीला एक बाजू तरी धुतलेली राहावी, बाप तसा निघाला पण आई तशी नाही, एवढं तरी तिला सांगता यावं, असं काहीतरी तिच्या मनात होतं. अचलाजीनं उष्ट्या ताटाला हात लावून नमस्कार केला, जोडे खाटेखाली सरकवले आणि लंगडत लंगडत तिच्याआधी पळत सुटला.

नेष्ट्यावर दगडांच्या माथ्यापर्यंत पाणी आलं होतं आणि वरून पातळ पापुद्र्यासारखं ओघळायला लागलं होतं. अचलाजीनं डोक्याचा साफा उतरवला, एक टोक काठावरच्या कैराच्या काटेरी झुडपाला बांधलं, दुसरं स्वतःच्या कमरेला. पोरीच्या माहेरी, विहिणीसमोर उघड्या डोक्यानं उभा राहिलेला व्याही गवरीनं जन्मात बघितला नव्हता. तिनं मान खाली घातली. मग दोघं पाण्यात उतरली, तो मध्याच्या बाजूला, ती काठाला धरून.

पहिला दगड हलता हलेना. खंगारचं काम चोख होतं, मेल्याचं. चिकणमाती वाळून दगडाची झाली होती. अचलाजीनं पहार मागितली, पहार घरी. मग त्यानं एक टोकदार दगड घेऊन सांधा ठोकायला सुरुवात केली. गवरी नखांनी माती उकरत होती. नखं फुटली, बोटांतून रक्त आलं, पाण्यात कुठं गेलं कळलं नाही. उंटवाटेकडून खंगारची हाक आली. शब्द कळले नाहीत, पण आवाज असा होता की दोघांचेही हात जोरात चालायला लागले.

एक दगड सुटला. अचलाजीनं तो पलीकडे लोटून दिला आणि त्या खाचेतून पाणी असं उसळलं की तो पडता पडता साफ्याच्या दोरीवर सावरला. दुसरा दगड सोपा गेला. तिसऱ्याला पाण्यानंच हात दिला. पुढच्या दगडाच्या बुडाशी काहीतरी अडकलेलं होतं. अचलाजीनं खेचलं, ते येईना, त्यानं दोन्ही हातांनी पीळ देऊन ओढलं आणि ते सुटून आलं.

गवरीला ते ओढायच्या आधीच कळलं होतं. तिला वाटलं, पाण्यानं आपल्याला आत्ता न्यावं.

चिखलानं माखलेला लोकरीचा बोळा होता. अचलाजीनं तो पाण्यात खळबळला. लाल आणि काळा रंग दिसला. टोकाशी पांढऱ्या लोकरीचं वाटोळं रफू दिसलं. त्यानं त्याच्याकडे बघितलं, आणि तिच्याकडे बघितलं नाही. बोळा पिळून काठावरच्या खडकावर ठेवला, नीट, घडी घालून, घरातल्या बाईनं ठेवावा तसा. आणि परत वाकून पुढच्या दगडाला हात घातला.

त्यानंतर दोघं दगडामागून दगड काढत राहिली. जसजशी ओळ मोडत गेली तसा नेष्टा भरून वाहायला लागला, उरलेले दगड पाणी स्वतःच घेऊन गेलं. जुना उंबरा पायाला लागला तेव्हा अचलाजी पाण्यातून बाहेर आला. ओढ इतकी होती की गवरीला वर यायला त्यानं हात दिला. हात दिला आणि लगेच सोडला.

उंटवाटेवरची धार थांबल्याचं खंगारनं दुरूनच हात हलवून सांगितलं. पाळीला पलीकडून मोठी जखम झाली होती, अर्ध्याहून जास्त माती गेली होती, पण पाळ उभी होती. खडिनातलं पाणी उतरायला लागलं. वरच्या कडेला, खंगारच्या वाट्यापाशी, पाणी बांधापासून मागं सरकलं आणि काठाला फेसाची एक पांढरी रेघ सोडून गेलं. रेघेच्या अलीकडे कोरडी, भेगाळलेली जमीन तशीच होती. यंदाही त्यांना सडकेवर जावं लागणार होतं. गवरीला त्याचं काहीच वाटलं नाही. वाटायला आत जागाच उरली नव्हती.

अचलाजी ओला साफा पिळून डोक्याला गुंडाळत होता. ती घरी धावली. त्याचे जोडे घेतले, माठातलं पाणी घेतलं. लोटा आधी राखेनं घासून लख्ख केला, मग भरला. जोडे त्याच्या पायापाशी ठेवून तिनं लोटा दोन्ही हातांनी पुढं केला.

"पाणी घ्या, ब्याईजी."

त्यानं जोडे घातले. लोट्याकडे बघितलं.

"सुगनीची काळजी करू नका," तो म्हणाला. "तिच्या कानावर यातलं काही जाणार नाही. ती आमच्या घरची आहे."

गवरीचे हात तसेच पुढं राहिले. तिला बोलायचं होतं, ती ओढणी मीच ठासली, दगड मीच वाहिले, खोटं का बोलले ते मलाही सांगता येत नाही. पण त्याला ते सगळं ठाऊक होतं. आता सांगून कुणाचं काय भलं होणार होतं?

"पाणी?" ती एवढंच म्हणाली.

"आमचं पाणी एव्हाना घरी पोचलं असेल," अचलाजी म्हणाला. "तिथंच पितो."

आणि तो नेष्ट्याच्या कडेनं खाली उतरला. वाहत्या पाण्याच्या काठाकाठानं, लंगडत, त्याच्याबरोबरच चालल्यासारखा गेला. एकदाही मागं वळला नाही, एकही थट्टा केली नाही. खाली बाकलसरच्या पाळीवर या वेळी एक पोर येऊन उभी राहत असेल, आणि पाणी बघून हसत असेल, हे गवरीला दिसत होतं.

बऱ्याच वेळानं खंगार आला. चिखलानं बरबटलेला, हातात एक फाटकं पोतं. जवळ यायची त्याला हिंमत होईना. खडकावरच्या घडी घातलेल्या ओढणीकडे त्यानं बघितलं आणि नजर दुसरीकडे वळवली.

"काय म्हणाले?" त्यानं विचारलं. "पाणी तरी घेतलं ना?"

गवरीनं ओढणी उचलून खांद्यावर टाकली.

"तहान नव्हती त्यांना," ती म्हणाली, आणि भरलेला लोटा तसाच घेऊन घराकडे चालायला लागली.